जुनी नौका, नवे हात

पावसाळी मासेमारीबंदी लागली की कोकणात नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात. हाच डागडुजीचा हंगाम. वाडवडिलांची इंजिनवाली लाकडी नौका मोडीत काढावी की दुरुस्त करावी, हा प्रश्न अशा वेळी घरात उभा राहतो. फायबरच्या नौकेला देखभाल कमी. निव्वळ हिशेब पाहिला तर उत्तर सोपे आहे. परंतु दुरुस्तीत मुलांना सहभागी करून घेतले, तर हिशेब बदलतो.

कुजलेली फळी कोणती आणि केवळ रंग उडालेली कोणती, हे टोचून पाहूनच समजते. सांध्यात कापूस किती घट्ट ठासावा, हे हातालाच कळते. असे ज्ञान हातातून हातातच जाते. मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या नौकेचे रूप अजिंठ्याच्या चित्रावरून घेतले गेले; पण काथ्याच्या दोरीने तिच्या फळ्या शिवण्यासाठी केरळचे परंपरागत कारागीरच लागले. चित्र भिंतीवर टिकते, कसब माणसातच टिकवावे लागते.

अर्थात तळाचा मुख्य वासाच कुजला असेल, तर भावनेपोटी जीव धोक्यात घालू नये. तो निर्णयही मुलांना कारणे सांगूनच घ्यावा.

बरेच दिवस कोरडी राहिलेली लाकडी नौका पाण्यात उतरताच गळते. फळ्या भिजून फुगल्या की सांधे मिटतात. तोवर पाणी उपसत राहावे लागते. शिकवणीच्या वर्गात न मिळणारा हा धीर आईवडिलांनीच मुलांना द्यायचा असतो.