शस्त्रक्रिया झाली, माणूस उभा कोण करणार?

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी बैठक संपल्यावर एक साथी मागे थांबला. वय चोपन्न, काम बाजारात हमालीचे. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायपास शस्त्रक्रिया झाली, तीही सरकारी योजनेतून. रुग्णालयातून निघताना कागदावर दोन सूचना मिळाल्या : जड उचलू नये, नियमित चालावे. तेव्हापासून तो घरीच बसून आहे. दम लागला की छातीची शिवण उसवेल, अशी त्याला भीती वाटते. घर पत्नीच्या मजुरीवर चालते. जिल्ह्याच्या गावी हृदयरोग्यांकडून व्यायाम करून घेतात, असे त्याच्या कानावर आले आहे. आठवड्यातून तीन खेपा, तीन महिने. त्याने विचारले, "भाऊ, त्याचा खरंच उपयोग असतो, की तेही एक दुकानच?"

प्रश्न एका माणसाचा नाही. म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे आणि प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

हृदयपुनर्वसन म्हणजे केवळ व्यायाम नव्हे. रुग्ण सहा मिनिटांत किती अंतर चालतो यासारख्या साध्या चाचणीने त्याची ताकद मोजायची, देखरेखीखाली श्रम हळूहळू वाढवायचे, तंबाखू व मिसरी सोडवायची, औषधे का थांबवू नयेत हे समजावायचे, मनातली भीती काढायची आणि त्याला कामावर परत न्यायचे, असा हा समग्र उपचार आहे. एकेकाळी झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर निजवून ठेवत. १९५२ साली सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्यास सुरुवात केली, तेव्हा ते धाडसच मानले गेले. विश्रांतीने हृदय बरे होते हा समज वैद्यकाने केव्हाच टाकून दिला. आमच्या घरांतून मात्र तो अजून गेलेला नाही.

उपयोग किती, याचा हिशेब झालेला आहे. कॉक्रेन या संशोधन-संस्थेने २०१६ साली ६३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत १४ हजारांवर रुग्ण होते. हृदयविकाराने होणारे मृत्यू शेकडा १०.४ वरून ७.६ वर आले, आणि पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागणाऱ्यांचे प्रमाण ३०.७ वरून २६.१ वर. मात्र सर्व कारणांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंत खात्रीने सांगावी अशी घट दिसली नाही. आपल्या देशात झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. पुढचे झटके व मृत्यू तिथेही निश्चितपणे कमी झालेले दिसले नाहीत. परंतु रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटू लागली आणि आपल्या पूर्वीच्या व्यवहारात ते अधिक प्रमाणात परतले.

म्हणजे हा अमरपट्टा नव्हे. पण ज्याचे भांडवल म्हणजे स्वतःचे शरीर, त्याच्या दृष्टीने कामावर परतणे ही दुय्यम गोष्ट आहे काय? पेन्शनर मनुष्य आठ महिने आरामखुर्चीत बसला तर त्याची प्रकृती बिघडेल. हमाल बसला तर त्याचे घर बसते. पुनर्वसनाची गरज श्रीमंतापेक्षा श्रमिकाला अधिक आहे, आणि ते मिळते मात्र उलट्या क्रमाने.

आपल्यापैकीच काही जण म्हणतील, प्राथमिक आरोग्य केंद्रात साधे औषध मिळत नाही, तिथे हे चोचले कशाला? हा आक्षेप दिसतो तितका पुरोगामी नाही. २०१२ साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली; २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. गरिबाच्या छातीवर शस्त्रक्रिया होऊ लागली, ही मोठी गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु शस्त्रक्रियेवर लाख-दीड लाख खर्चायचे आणि माणूस उभा करण्याच्या शेवटच्या टप्प्यावर त्याला दोन ओळींचा कागद द्यायचा, ही काटकसर नव्हे, उधळपट्टी आहे. शस्त्रक्रियेचे बिल होते. रुग्णाबरोबर चालण्याचे होत नाही. बाजारी वैद्यकात ज्याचे बिल होत नाही त्याला उपचार म्हणतच नाहीत.

स्त्रियांची स्थिती याहून वाईट आहे. शस्त्रक्रियेत कापलेले छातीचे हाड सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्या काळात चार-पाच किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये असे सांगतात. पाण्याने भरलेल्या हंड्याचे वजन त्याच्या तिप्पट असते. पण हंडा उचलणे हे 'काम' म्हणून कुणी मोजत नाही, त्यामुळे तिला ते बंद करायला कुणी सांगत नाही. ती घरी परतते ती थेट चुलीशी.

वस्तुतः यासाठी अवाढव्य यंत्रे लागत नाहीत. निवडक रुग्णांना घरच्या घरी, ठरावीक देखरेखीखाली दिलेले पुनर्वसन केंद्रातील पुनर्वसनाइतकेच परिणामकारक ठरते, असे तुलनात्मक चाचण्यांत दिसले आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चातच पुढच्या तीन महिन्यांचे पुनर्वसन धरले जावे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक भौतिकोपचार तज्ज्ञ असावा. आणि या काळात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई व्हावी, अशा आपल्या मागण्या असल्या पाहिजेत. कामगार राज्य विमा योजनेत आजारी कामगाराला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. ज्याचे नाव कुठल्याच नोंदवहीत नाही, त्याचे हृदय काय वेगळ्या मांसाचे आहे?

मागण्या मान्य होईपर्यंत हात जोडून बसण्याचेही कारण नाही. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, ती सरकारची वाट पाहून नव्हे. ज्या गावात आपली शाखा आहे तिथे शस्त्रक्रिया झालेल्यांची यादी करावी, डॉक्टरांकडून प्रत्येकाची तपासणी करून घ्यावी आणि सकाळी त्यांच्याबरोबर चालावे. चालताना बोलता यावे, गाता येऊ नये, इतपत वेग पुरेसा. छातीत दुखले, चक्कर आली, जखम चिघळली, तर थांबून दवाखाना गाठावा.

त्या साथीला मी सांगितले : उपयोग आहे, आणि आठ महिने गेले म्हणून वेळ गेलेली नाही. आधी डॉक्टरांना दाखव, श्रमाची चाचणी करून घे. एसटीच्या भाड्याचे शाखा पाहील. पुन्हा पन्नास किलोचे पोते उचलशील असे वचन मी देत नाही. कदाचित काम बदलावे लागेल, आणि ते मिळवून देणे ही संघटनेची जबाबदारी आहे.

तो लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला, "सोबत कुणी येईल ना?" खरा प्रश्न तोच होता, आणि त्याचे उत्तर डॉक्टरांनी नव्हे, आपण द्यायचे आहे.