कोरडे होण्यापूर्वी भरा



पूर्वी घरोघरी शाईची दौत असे. फाउंटन पेनमधील शाई संपली की ड्रॉपरने पुन्हा भरीत. त्यासाठी कोणी पेन फेकून देत नसे. आता मुलांच्या शाळेच्या कामासाठी पुष्कळ घरांत शाईचा लहान प्रिंटर आला आहे. मात्र शाई संपताच सबंध कार्ट्रिज टाकून नवे आणावयाचे, अशी रीत पडली आहे. वास्तविक लहान कार्ट्रिजमध्ये शाई असते ती काही मिलिलिटरच. बाटलीतील शाईने तेच पुन्हा भरले, तर संसाराचा पैसा वाचतो. परंतु "भरले, तरी उमटत नाही," अशी तक्रार नित्य ऐकू येते. येथे पुष्कळदा दोष शाईचा नसून उशिराचा असतो.

त्याचे कारण समजून घेऊ. १९८४ साली ह्यूलेट-पॅकार्डने थिंकजेट नावाचा प्रिंटर बाजारात आणला. त्यात छपाईची सूक्ष्म छिद्रे कार्ट्रिजलाच जोडलेली होती. एच. पी. व कॅनन यांच्या कित्येक घरगुती प्रिंटरांत आजही तीच रचना आहे. प्रत्येक छिद्रापाशी एक इवलासा तापक असतो. तो निमिषार्धात सुमारे ३०० अंशांपर्यंत तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा उठतो आणि त्याच्या धक्क्याने थेंब कागदावर उडतो. त्या तापकाची उष्णता वाहून नेण्याचे कामही शाईच करते. कोरड्या कार्ट्रिजने छपाई चालू ठेवली, तर तापक जळतो आणि छिद्रांत शाई वाळून बसते. मग वरून कितीही शाई घातली तरी व्यर्थ! म्हणून अक्षरे फिकट होताच थांबावे आणि त्याच दिवशी शाई भरावी.

भरताना आपल्या कार्ट्रिजला योग्य अशीच शाई घ्यावी. निरनिराळ्या जातींची शाई मिसळल्यास छिद्रे तुंबतात. वरचे लेबल हलकेच उचलले की भरण्याची भोके दिसतात. रंगीत कार्ट्रिजला ती तीन असतात. प्रत्येकात निराळी काडी घालून रंगाची खात्री करून घ्यावी. आम्ही एकदा हे न करता पिवळ्याच्या भोकात निळी शाई सोडली आणि एका बालकाच्या चित्रातील सूर्य हिरवा उगवला! सिरिंजने शाई आतील स्पंजात सावकाश सोडावी. घाई केल्यास हवा अडकते. शाई वर दिसू लागताच थांबून थोडी परत ओढून घ्यावी. लेबल पुन्हा चिकटवताना हवेची बारीक वाट मोकळी ठेवावी. तळ मऊ टिपकागदावर टेकवून टिपून घ्यावा. तांबूस-सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये.

एवढे करूनही प्रिंटर "शाई संपली" असेच सांगत राहील. त्याने घाबरू नये. असे पुष्कळ प्रिंटर उरलेली शाई पाहत नाहीत, उडालेल्या थेंबांचा हिशेब ठेवतात. खरी साक्ष कागदावरील अक्षरांची.

तेव्हा "अक्षरे फिकट येतात," असे मुलाने येऊन सांगितले, तर "आणखी दोन पाने निघू दे," असे म्हणू नका. त्या दोन पानांपायी कार्ट्रिज कायमचे जाते.