चराऊ जमीन कुणाची, तण कुणाचे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील इंदरगंजसारख्या गजबजलेल्या परिसरांना मोकाट गुरांचा प्रश्न नवा नाही. त्यावर उपाययोजनाही होत आहेत. महापालिकेची लाल टिपारा येथील गोशाळा हजारो गुरे सांभाळते. तेथील शेणावर चालणाऱ्या जैव-सीएनजी प्रकल्पाचे २ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झाले आणि त्याची देशभर चर्चा झाली. २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने गोशाळांना प्रत्येक गुरामागे मिळणारे दैनिक अनुदान २० रुपयांवरून ४० रुपयांवर नेले. या साऱ्या खर्चात एक प्रश्न मात्र मागे पडतो. गुरे मुळात शहराच्या चौकात का येतात?

भाकड जनावरे सोडून देण्याची प्रवृत्ती, शेतीचे यांत्रिकीकरण आणि गायरानांवरील अतिक्रमणे ही कारणे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या जोडीला एक कारण आहे, ज्याची चर्चा क्वचितच होते. जी चराऊ जमीन शिल्लक आहे, तिच्यावर चरण्याजोगे गवत कमी आणि तणच अधिक झाले आहे. या तणांत अग्रक्रम लागतो तो गाजर गवताचा. काँग्रेस गवत या नावानेही ते ओळखले जाते. १९५५ मध्ये पुण्यात त्याची ठळक नोंद झाली. परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. त्यानंतर काही दशकांतच ते देशभर पसरले.

या वनस्पतीतील पार्थेनिन हे द्रव्य माणसाच्या त्वचेला आणि श्वसनमार्गाला त्रास देते. जनावरांनाही ते अपायकारक आहे. सहसा गुरे या झाडाला तोंड लावत नाहीत. परंतु चारा संपला की भुकेपोटी खातात. मग तोंडात व्रण पडणे, कातडीला खाज सुटणे, दुधाला कडवट चव येणे अशी लक्षणे दिसतात. १९७० च्या दशकात भारतीय संशोधकांनी केलेल्या आहार-चाचण्यांत, हे तण मोठ्या प्रमाणात खाल्लेली जनावरे दगावल्याचेही आढळले होते. चराऊ जमिनीवरील इतर विषारी झाडांची कथाही याच वळणाची आहे. घाणेरी खाल्लेल्या गुराचे यकृत बिघडते, त्याला कावीळ होते आणि ऊन लागताच कातडी सोलवटते. बेशरमाची पाने सतत खाणाऱ्या शेळ्यांची मज्जासंस्था दुबळी होते.

अशा तणांविरुद्धच्या लढ्यात ओळख पटण्याची वेळ निर्णायक ठरते. गाजर गवताचे एक झाड हजारो बिया देते. अनुकूल परिस्थितीत हा आकडा दहा हजारांच्याही पुढे जातो. फुले येण्यापूर्वी ते जमिनीलगत पानांचा चक्राकार झुबका धरते. पाने गाजरासारखी चिरलेली, फिकट हिरवी आणि बारीक लव असलेली असतात. या अवस्थेत ओल्या जमिनीतून ते मुळासकट सहज निघते. पांढरी, लहान फुले आली की मात्र उपटणाऱ्याच्या हातूनच बी पसरण्याचा धोका निर्माण होतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर उगवलेली रोपे साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलू लागतात. दरवर्षीचा गाजर गवत जागरूकता सप्ताह येतो तो १६ ते २२ ऑगस्टला. लोकजागृतीसाठी ही तारीख सोयीची असेल. पण जूनअखेर उगवलेली रोपे तोवर फुलावर आलेली असतात.

ज्ञानाची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. हा सप्ताह राबवणारी तण संशोधनाची राष्ट्रीय संस्था मध्य प्रदेशातच, जबलपूर येथे आहे. गवत आणि चारा या विषयांची राष्ट्रीय संस्था १९६२ पासून झाशीत, म्हणजे ग्वाल्हेरहून शंभरेक किलोमीटरवर आहे. खुद्द ग्वाल्हेरमध्ये कृषी विद्यापीठ आहे. मेक्सिकोतून १९८४ मध्ये आणलेला, गाजर गवताची पाने खाणारा भुंगा उपलब्ध आहे. तणाला मागे सारण्यासाठी टाकळा पेरण्याची शिफारसही आहे. मात्र टाकळा गुरे फारशी खात नाहीत. रस्त्याकडेला तो उपयोगी असला, तरी गायरानावर मारवेल, पवना, अंजन अशी बहुवार्षिक गवतेच हवीत.

मग अडते कोठे? चराऊ जमीन सर्वांची असते, म्हणूनच तिच्यावरील तण कुणाचेच नसते. मध्य प्रदेशच्या जमीन महसूल संहितेने गावच्या शेतजमिनीच्या किमान २ टक्के जमीन चराईसाठी राखण्याची तरतूद केली आहे. हे प्रमाण पूर्वी अधिक होते. क्षेत्र किती असावे, हे कायदा सांगतो. त्यावर काय उगवावे, याची जबाबदारी कुणावर टाकत नाही. कर्नाटकाने १९७५ मध्ये गाजर गवताला उपद्रवी तण म्हणून घोषित केले, तरी ते थांबले नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये तणाचा प्रसार रोखण्याचे कायदेशीर दायित्व जमीनधारकावर आहे आणि बाधित भागातून येणारी वाहने व यंत्रे धुण्यावर भर दिला जातो. केवळ घोषणा करणे आणि दायित्व नेमून देणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

गोव्यासाठी हा विषय दूरचा नाही. येथेही महामार्गांवर मोकाट गुरे आहेत आणि त्यांच्यासाठी गोशाळा आहेत. पठारांवर आणि कोमुनिदादींच्या पडीक जमिनींवर रानमोडी व घाणेरी यांनी गवताची जागा घेतली आहे. शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या चाऱ्याबरोबर आणि वाहनांच्या चाकांना लागलेल्या मातीतून गाजर गवताचे बी घाट उतरू शकते. लहान राज्याला येथे एक लाभ आहे. पाहणीचे क्षेत्र आवाक्यातले आहे, जुने गोवे येथे केंद्रीय कृषी संशोधन संस्था आहे आणि पंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत. त्यांच्या लोकजैवविविधता नोंदवहीत स्थानिक विषारी व आक्रमक तणांचे स्वतंत्र पान असावे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात चराऊ जमिनींची पाहणी व्हावी, तण फुलण्यापूर्वी उपटण्यासाठी मजुरी आणि हातमोजे यांची तरतूद असावी आणि रिकाम्या झालेल्या जागी लगेच गवत लावले जावे.

गोशाळेतील गुरामागे रोज द्यावे लागणारे अनुदान वर्षानुवर्षे चालू राहते. चराऊ जमिनीवरील तण वेळीच काढण्याचा खर्च त्या तुलनेत हंगामापुरता असतो. चारा अनुदानाबरोबरच या खर्चालाही अर्थसंकल्पात जागा मिळाली, तर गोशाळांवरील भार काही प्रमाणात तरी हलका होईल.