चार ओळींचे पत्र

गणपतीच्या सुटीपूर्वीचा शेवटचा तास. मी हातावरचा खडू झटकीत होतो, तोच मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी पुढे आला. अक्कलकुव्याकडचा मुलगा, एरवी फारसा बोलत नाही. म्हणाला, “सर, माझ्या काकांना पटेल असं चार ओळींचं पत्र लिहून द्याल?”

मला वाटले, फीचे काही असेल. निघाले भलतेच. त्याच्या बहिणीचे लग्न ठरत होते. धाकट्या भावाला सिकलसेलचा आजार. बहीण ‘वाहक’, म्हणजे स्वतः ठणठणीत, पण रक्तात त्याचा अंश बाळगणारी. तेव्हा नवऱ्या मुलाचेही रक्त तपासावे, एवढेच या पोराचे म्हणणे. त्यावर काका संतापले. पोरीत खोट आहे असा गावभर बोभाटा करायचा आहे का, म्हणून!

वीस वर्षे मराठी शिकविणाऱ्याला चार ओळींचे काय भय? पण रात्री लिहायला बसलो आणि घाम फुटला. आधी मलाच समजायला हवे ना!

रक्ताला लाली देणारे हिमोग्लोबिन हे एक प्रथिन. त्यातली बीटा साखळी १४६ दुव्यांची. ती कशी ओवायची हे एक जनुक सांगते. त्यात एकच अक्षर बदलले की सहावा दुवा बदलतो, आणि प्राणवायू सोडल्यावर ही प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांच्या लांब काड्या होतात. गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते, आणि हाडे फोडून काढणाऱ्या वेदना सुरू होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांतच संपते. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या या दोषाबद्दल लिहिले होते. मला मात्र सारे त्या रात्री कळत होते.

निबंधाच्या वहीत अशा अक्षराखाली मी तांबडी रेघ ओढली असती. पण आईबापांपैकी एकाकडूनच हे अक्षर आले, तर जीवघेण्या हिवतापापासून पुष्कळ बचाव होतो. म्हणून तर ते हिवतापाच्या मुलखात टिकले. याला खोट तरी कशी म्हणावी?

मी लिहिले: मुलगी निरोगी आहे. मुलाच्या रक्तात असा काही दोष नसेल, तर त्यांच्या लेकरांना हा आजार व्हायचा नाही. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला चारांत एक असा धोका. ते आधी कळावे, इतकेच.

दसऱ्यानंतर मुलगा भेटला. काका कबूल झाले होते. नवऱ्या मुलाचे रक्त तपासायला गेले होते. “पण सर, काकांनी विचारलंय, तुमच्या पुण्यात लग्नाआधी तपासतात का?”

याच जनुकातल्या दुसऱ्या बिघाडांनी थॅलेसेमिया होतो, आणि त्याला पुणे काही वर्ज्य नाही. आमच्या भाचीची पत्रिका या महिन्यात तीन घरी जाऊन आली. ताईपुढे मी रक्ताची गोष्ट काढली, तर म्हणते कशी, “अरे, आपल्यात कुठं असतं असलं काही? लोक काय म्हणतील!”

ताईलाही आता चार ओळी लिहायला बसलो आहे.