पुरुषार्थ, 200 अंशांवर

मराठी पुरुषाला अखेर स्वयंपाकघराचा रस्ता सापडला, ही आनंदाची बातमी. वाईट बातमी अशी की तो रिकाम्या हाताने आलेला नाही. त्याच्यासोबत 40 लिटरचा ओव्हन आहे.

वरणाला पाणी किती घालायचं, हे त्याला ठाऊक नाही. हिंगाची डबी कुठे असते, हेही नाही. पण कोंबडीच्या मांडीत सुई खुपसून आतलं तापमान 74 अंश भरलं की ती खायला निर्धोक झाली, हे तो तुम्हाला लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढत असतानाही ऐकवेल. (आणि ते बरोबर असतं, हाच त्रास. चुकीचं असतं तर वाद तरी घालता आला असता.) या जमातीला मी भर्जनाचार्य म्हणतो. त्यांना संस्कृत आवडतं, विशेषतः समजत नसलं की.

आचार्यांचा आद्य सिद्धान्त असा : घरी मांस भाजायचं तर यंत्र हवं. यंत्र आलं की जागा हवी. जागा कुणाची? अर्थात ओट्याची. म्हणजे शेगडी, सिंक, मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि मिसळणाचा डबा यांच्यातून जी वीतभर उरली असेल, तिची. ओव्हनसोबत आलेली पुस्तिका म्हणते, मागे आणि दोन्ही बाजूंना हवा खेळायला जागा सोडा. खाली दोन हजार वॅटची धग, वर सनमायक्याचं कपाट. जागा न सोडाल तर सनमायक्याला फोड येणार. म्हणून ओव्हन पुढे सरकतो आणि पोळपाट ओट्यावरून हद्दपार होऊन जेवणाच्या टेबलावर जातो. मग पोळ्या लाटायच्या कुठे नि शेकायच्या कुठे? हा प्रश्न आचार्यांना पडत नाही. पोळ्या स्वयंभू असतात.

आता वीज. साध्या पाच-सहा अँपिअरच्या सॉकेटची पोच 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॅट. एअर फ्रायर 1500चा, ओव्हन 2000चा. त्यांचा जाडजूड प्लग त्या भोकांत शिरत नाही, तो शिरू नये म्हणूनच जाड केलेला असतो. पण आचार्य हार मानतात होय? कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर येतो. थोड्या वेळाने भाजल्याचा खमंग वास सुटतो. कोंबडी तेव्हा अजून फ्रीजमध्येच असते.

एअर फ्रायरबद्दल बोलायलाच हवं, कारण त्याच्याबद्दल न बोलता त्याचे मालक राहूच शकत नाहीत. 2010 साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने तो जगापुढे आणला. आत काय? तापणारी तार आणि तिची गरम हवा जोरात फिरवणारा पंखा. म्हणजे छोटा ओव्हन. पण 'छोटा ओव्हन' म्हटलं की कुणी चार पैसे जास्त देत नाही. 'बिनतेलाचं तळण' म्हटलं की अख्खी सोसायटी रांगेत. त्याच्या टोपलीत सव्वा किलोची अख्खी कोंबडी कोंबली, तर तिची छाती थेट तारेला भिडते. वर कोळसा, आत लालभडक. मग आचार्य म्हणतात, 'मीडियम रेअर आहे.' अहो, कोंबडी आहे ती!

मला खरी मौज वाटते ती यांच्या कोंबडीची. भाजलेल्या कोंबडीचं वैभव म्हणजे तिची कुरकुरीत, सोनेरी कातडी. आपल्याकडचा चिकनवाला बहुधा काय करतो? न विचारता कातडी सोलून बादलीत टाकतो. 'कातडीसकट द्या' म्हणायला आचार्यांची जीभ रेटत नाही, कारण कातडीत चरबी आणि चरबीत पाप. मग त्या नागव्या कोंबडीला ते दह्यात रात्रभर बुडवतात, दह्यासकट ओव्हनमध्ये ढकलतात आणि ती चित्रातल्यासारखी का झाली नाही म्हणून ओव्हनला शिव्या देतात. मेलार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने 1912 साली ज्या अभिक्रियेचं वर्णन केलं, ती तांबूस खमंगपणा आणणारी रासायनिक गंमत साधारण 140 अंशांपुढे जोरात येते. पाणी 100 अंशांवर उकळतं. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तो शंभराच्या फार वर चढत नाही. तेवढा वेळ तुमची कोंबडी भाजत नसते, वाफवत असते. तंदूरमध्ये हेच दही चालतं, कारण तिथली आग चारशे अंशांच्या घरातली असते आणि ओल बघता बघता उडते. तुमच्या ओव्हनची तबकडी 250च्या पुढे फिरत नाही. ओव्हन बिचारा निर्दोष आहे. गुन्हेगार टॉवेलने मान पुसतो आहे, कोंबडी पुसायची सोडून.

मटणाची कथा तर करुण. आचार्य इंग्रजी पुस्तकातली मेंढीच्या कोवळ्या पिल्लाची कृती वाचतात : पाय घ्या, रोझमेरी टोचा, आत गुलाबी राहील इतपत भाजा. आणि मटणवाल्याकडून आणतात बोकडाची तंगडी. बोकड चरबीने कमी, स्नायूंनी कसलेला. आयुष्यभर चाललेला प्राणी तो. त्याच्या मांसातले चिवट धागे विरघळायला ओलसर धग लागते आणि तासन् तास लागतात. म्हणून तर रान, म्हणजे अख्खी तंगडी, करणारे आचारी कच्ची पपई चोळतात, झाकण लावून मंद शिजवतात आणि रंग शेवटी आणतात. आचार्यांना झाकण मान्य नाही. झाकण म्हणजे शिजवणं, आणि शिजवणं हे बायकी. परिणामी रविवारी दुपारी तीन वाजता आठ माणसं गुलाबी वहाण चावत बसतात आणि 'टेक्स्चर छान आहे' म्हणतात.

'आधी जाळावर धरून रस आत कोंडून घ्यायचा,' हे आणखी एक ब्रह्मवाक्य. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लोकप्रिय केली. अन्नविज्ञानावर लिहिणाऱ्या हॅरॉल्ड मॅक्गी यांनी 1984च्या आपल्या ग्रंथात तिचा यथास्थित निकाल लावला : रस कोंडला जात नाही, फक्त चव वाढते. तव्यावर सतत चाललेला तो चुरचुर आवाज कशाचा असतो? कोंडलेल्या रसाचाच की, बाहेर येतानाचा!

बरं, भाजलेलं मांस हा काय यांनी लावलेला शोध आहे? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लासा'त मांस भाजायच्या कृती लिहून ठेवल्या. त्यात उंदीरसुद्धा सुटलेला नाही. कालिदासाचा विदूषक तर शाकुंतलात कुरकुरतो की राजाच्या शिकारीपायी अवेळी शुळावर भाजलेलं मांस खावं लागतंय. तो अख्ख्या संस्कृत वाङ्मयातला मला सर्वांत जवळचा माणूस. आचार्यांच्या घरी जेवायला बोलावलेल्या प्रत्येकाचा तो कुलपुरुष आहे.

आणि थंडीत रायगडात जाऊन बघा. मडकं, भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मसाला लावलेलं चिकन, दोन-चार अंडी. पाण्याचा थेंब नाही. मडक्याचं तोंड पाल्याने गच्च बंद करून ते उलटं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळा पेटवायचा. ही पोपटी. तबकडी नाही, पंखा नाही, सुई नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतला रोस्टही पुष्कळदा टोपात किंवा कुकरमध्येच होतो, आणि तिथल्या बायका त्यावर व्याख्यान देत नाहीत. त्यांना आणखी चार पदार्थ करायचे असतात.

मी यंत्रांचा वैरी नाही. सत्यप्रकाश माथुर यांनी 'सुमीत' मिक्सर आणला. त्याने घरोघरचा पाटा-वरवंटा हलवला आणि रोज वाटण वाटणारीचे खांदे सोडवले. त्या यंत्राने ओट्यावरची जागा कमावली. आता रोटी मेकर आठवा. सँडविच मेकर. अंडी उकडायचं यंत्र (कारण पातेलं फार अवघड!). सगळे आज माळ्यावर किंवा दिवाणाच्या पोटात, मूळ खोक्यात, थर्मोकोलसकट. कोणी कुणाचं रोजचं काम वाचवलं? उलट बाहेर काढा, पुसा, वापरा, धुवा, परत चढवा, ही कामं वाढली.

आणि याच घरात इंटिरियरवाल्याला बजावलेलं असतं, 'ओटा मोकळा दिसला पाहिजे हं, मिनिमलिस्ट.' मग तो लाखभर रुपये घेऊन उपकरणांसाठी शटरवालं कपाट बांधून देतो. त्याला म्हणतात 'अप्लायन्स गॅरेज'. सोसायटीत गाडीला पार्किंग नाही. ओव्हनला गॅरेज आहे.

तेव्हा, शहाण्या वाचका, खरंच भाजायचं असेल तर हे कर. कातडीसकट कोंबडीच्या मांड्या आण. चिकनवाला बघेल विचित्र नजरेने, बघू दे. मीठ चोळून रात्रभर फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात, ताटलीत, उघड्या ठेव, म्हणजे कातडी कोरडी होईल. बिडाच्या तव्यावर कातडी खाली करून मध्यम आचेवर ठेव, वर वजन दे आणि हलवू नकोस. चरबी सुटेल, कातडी तांबूस होईल. मग उलटून, झाकून, आतून नीट शिजू दे. ती सुई मात्र जरूर वापर, ड्रॉवरच्या कोपऱ्यात मावते.

आणि तवा तूच घास. कामवाल्या मावशींसाठी सिंकमध्ये ठेवणार असशील, तर आपल्याला भाजता येतं असं चारचौघांत सांगू नकोस.