मी येईपर्यंत गिअरबॉक्स उतरवू नका

दुपारी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. "सर, क्लच गेलाय. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पूर्ण सेटच टाकावा लागेल. ३८ हजारांपर्यंत जाईल. वॉरंटीत बसत नाही, ड्रायव्हिंगमुळं झालंय. ओके करू का?"

गाडी १४ महिन्यांची, फिरलेली १९ हजार किलोमीटर. मी एकच विचारलं, "गिअरबॉक्स उतरवला का?" उत्तर आलं, "नाही अजून. तुम्ही ओके दिलं की उतरवू."

हे उत्तर सोलापुरातल्या प्रत्येक गाडीवाल्यानं लक्षात ठेवावं, म्हणून हे लिहितो आहे. क्लचप्लेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे असते. गिअरबॉक्स खाली घेतल्याशिवाय ती धडपणे दिसत नाही. एक चक्कर मारून क्लच घसरतोय एवढं कळतं. रेस वाढते, इंजिन ओरडतं, गाडी मात्र पळत नाही. पण तो का घसरतोय ते आत बघितल्यावरच कळतं, आणि बिल कुणी भरायचं हे त्यावरच ठरतं. प्लेट न बघता "ड्रायव्हिंगमुळं" म्हणणं हा फक्त अंदाज आहे. अंदाजावर ३८ हजार देऊ नका.

मी सांगितलं, "मी येईपर्यंत गिअरबॉक्स उतरवू नका." दुसऱ्या दिवशी सकाळी विजापूर वेशीतल्या ओळखीच्या मेस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी गाडीला हात लावायचा नाही, फक्त बघायचं, असं आधीच ठरवलं होतं. सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराला ते आवडलं नाही. वर्कशॉपमध्ये बाहेरच्यांना प्रवेश नाही म्हणाला. मी शांतपणे म्हटलं, "मग तसं जॉब कार्डवर लिहून द्या." अर्ध्या तासानं आम्ही दोघं लिफ्टजवळ उभे होतो.

गिअरबॉक्स खाली आला. त्याच्या तोंडाशी जी मोठी पोकळी असते, ती कोरडी असायला हवी. तिथं काळी, चिकट ओल होती. मेस्त्रींनी बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाले, "मागचं सील गळायलंय बगा." इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं एक रबरी सील असतं. ते गळलं की ऑइल थेट प्लेटवर येतं, आणि ऑइल लागलेली प्लेट कितीही नवी असली तरी घसरणारच. प्लेट हातात घेतली तर रिव्हेटच्या वर लायनिंग चांगलं शिल्लक होतं. पायानं खाल्लेली प्लेट अशी नसते. तिचं लायनिंग रिव्हेटपर्यंत उतरलेलं असतं, प्रेशर प्लेटवर तापून निळसर डाग पडलेले असतात, जळका वास येतो. इथं त्यातलं काहीच नव्हतं. मी तिथल्या तिथं फोटो काढले, मीटरचं रीडिंग आणि नंबरप्लेट दिसेल असे. विचार करा, त्या दिवशी फोनवर "ओके" म्हटलं असतं तर नवा सेट त्याच गळक्या सीलसमोर बसला असता आणि काही महिन्यांनी मी पुन्हा तिथंच उभा असतो.

हेही मनापासून सांगतो की दरवेळी चूक शोरूमचीच नसते. आपल्याकडं क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय फार. सात रस्त्याच्या सिग्नलला गिअर टाकून, पेडल दाबून मिनिटभर थांबणारे, तुळजापूरच्या घाटात ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरणारे, गड्डा यात्रेच्या गर्दीत तासभर तसंच सरकणारे मी नेहमी बघतो. अशी प्लेट २० हजार किलोमीटरमध्येही संपते. लायनिंग सारखं झिजून रिव्हेटला टेकलं असेल तर बिल भरा आणि सवय बदला. वॉरंटीच्या पुस्तिकेत क्लचची झीज बहुधा वगळलेलीच असते. पण वगळलेली असते ती झीज. गळकं सील, तुटलेली स्प्रिंग, वेळेआधी ओरडणारं बेअरिंग किंवा क्लच सिलिंडरची गळती ही झीज नव्हे. शोरूममध्ये मात्र "क्लच वॉरंटीत येत नाही" या एका वाक्यात हे सगळं एकत्र गुंडाळलं जातं.

दुसरा सल्ला घ्यायचा तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपचा घ्या. बाहेरच्या गॅरेजात गाडी उघडू नका. उघडलीत तर "बाहेर छेडछाड झाली" म्हणून वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं. आणि क्लच घसरत असताना गाडी चालवत पुणे गाठायचा विचार करू नका. अडीचशे किलोमीटरमध्ये फ्लायव्हीलही खराब होईल आणि तो दोष मग खरोखरच तुमच्या माथी येईल.

आता कागद. आपली माणसं भांडतात जोरात, पण तोंडी. काउंटरवर आवाज चढवून काही होत नाही. "क्लच खराब होण्याचं नेमकं कारण आणि वॉरंटी नाकारण्याचं कलम लेखी द्यावं" अशी दोन ओळींची ईमेल शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला, दोघांनाही, एकदमच पाठवा. एस्टिमेटमध्ये पार्ट, मजुरी आणि जीएसटी वेगळे दाखवायला सांगा. जॉब कार्डवर स्वतःच्या हातानं लिहा: "जुने पार्ट परत हवेत." पैसे तुम्ही भरणार असाल तर जुनी प्लेट तुमची आहे, आणि उद्या तक्रार करायची झाली तर तीच तुमची साक्षीदार. गाडी अडकली आहे, पैसे भरल्याशिवाय सोडत नाहीत, अशी वेळ आली तर बिलावर "हरकत नोंदवून रक्कम भरली" असं लिहून सही करा.

माझ्या बाबतीत ईमेलनंतर कंपनीचा माणूस आला, फोटो बघितले. सील, प्लेट आणि मजुरी कंपनीनं दिली. प्रेशर प्लेटचे पैसे मी भरले. तोवर अकरा दिवस गेले होते आणि मी थकलो होतो. ते पैसे भरायला नको होते, असं मला आजही वाटतं.

तुम्ही थकू नका, कारण पुढची वाट मोकळी आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानं भागलं नाही तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करू शकता. मुदत दोन वर्षांची. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. संपूर्ण गाडीच सदोष असल्याचा दावा असेल तर गाडीची किंमत धरली जाते, तरी ५ ते १० लाखांना फी २०० रुपयेच आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने म्हटलं आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे धरून चाला.

मागणीही योग्य ती करा. क्लचच्या भांडणात "नवी गाडीच द्या" म्हणू नका. २००६ साली मारुती उद्योगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की वॉरंटीनं कंपनी सदोष पार्ट दुरुस्त करायला किंवा बदलायला बांधील आहे, अख्खी गाडी बदलायला नव्हे. २०१० साली फियाटच्या एका गाडीच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितलं, आणि मूळचाच दोष निघाला तर पैसे परत करायला. म्हणून आयोगापुढं पार्ट, मजुरी, नुकसानभरपाई आणि तज्ज्ञाची तपासणी मागा.

पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर अशा फेऱ्या मारून पोट भरणाऱ्या भावांना वेगळं सांगतो. "तुमची गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही" असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असलेली गाडी असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. तुमचे तर गाडी उभी असलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे बुडतात. त्या दिवसांचा हिशेब वहीत लिहून ठेवा.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता. तो आला १९८६ साली. आज कायदा आहे, आयोग आहे, फोन नंबर आहे. तुमची गाडी या क्षणी शोरूममध्ये उभी असेल आणि तुम्ही अजून "ओके" दिलेलं नसेल, तर आधी फोन करा आणि सांगा: मी येईपर्यंत गिअरबॉक्स उतरवू नका.