अर्धा विमा, अर्धी भरपाई

पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी मी चिपळूणला पोचलो, तेव्हा माझा मावसभाऊ दुकानाच्या पायरीवर बसून चिखलाने माखलेल्या साड्यांचे गठ्ठे मोजत होता. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि तळमजल्यावरचे काहीच वाचले नाही. मी विचारले, "दादा, किती गेलं?" तो शांतपणे म्हणाला, "१० लाखांचं तरी गेलं. पण विमा १२ लाखांचा आहे रे. काळजी नाही."

हाती आले ५ लाख.

पहिल्यांदा वाटले, कंपनीने फसवले. मग मी स्वतः कागद घेऊन बसलो. त्या दिवशी दुकानात २४ लाखांचा माल होता आणि विमा १२ लाखांचा, म्हणजे अर्ध्याच मालाचा. अशा वेळी नुकसानही अर्धेच भरून मिळते; उरलेल्या अर्ध्याचा विमा तुम्ही स्वतःच उतरवला आहे, असे पॉलिसी धरून चालते. याला अपुरा विमा म्हणतात. छोट्या व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. दादाची तूट ५० टक्के होती. गणित चोख होते.

मग चुकले कुठे? १२ लाख हा आकडा दादाने ठरवलेलाच नव्हता. तो त्याच्या कर्जाचा आकडा होता. कर्जाच्या कागदांबरोबर विम्याच्या अर्जावरही सही घेतली गेली. बँकेला आपल्या कर्जाची चिंता होती. दुकानाची चिंता कोणी करायची, हे कोणी विचारले नाही. दादानेही नाही. हप्ता भरला, पावती फाइलीत लावली, की आपल्याकडे विमा 'झाला'.

मालमत्तेचा विमा आयुर्विम्यासारखा नसतो, हे आपल्याला कोणी शिकवलेच नाही. आयुर्विम्यात ठरलेली रक्कम मिळते. इथे मिळते ती फक्त झालेल्या नुकसानीची भरपाई, आणि तीही कागदावर लिहिलेल्या कारणांपुरती. आपण ज्याला 'फायर पॉलिसी' म्हणतो तिच्यात आगीबरोबर पूर आणि वादळही येते; पण जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत हप्ता कमी करण्यासाठी पुराचे संरक्षण वगळता येत असे आणि भूकंपासाठी जादा पैसे मोजावे लागत. नाव आगीचे, आत काय आहे आणि काय नाही ते वाचल्याशिवाय कळत नाही.

घराचेही तेच. 'भारत गृह रक्षा' या पॉलिसीत आग, पूर, भूकंप, दरड कोसळणे हे सारे येते. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या विम्याच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, एवढे संरक्षण आपोआप मिळते. दागिन्यांसाठी मात्र वेगळे मागावे लागते. चोरीची भरपाई मिळते ती पूर किंवा आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांत चोरी झाली तरच. एरवीच्या घरफोडीसाठी विमा निराळा. वर्षानुवर्षांच्या ओलीने पोपडे धरलेली भिंत कोणी दुरुस्त करून देत नाही. आणि विमा उतरवायचा तो पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा, बाजारभावाचा नव्हे. जमीन काही जळत नाही. कोटीच्या फ्लॅटचा हप्ता परवडणार नाही म्हणून विमाच न घेणारे माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

ग्राहकाने वाचून सही करावी, असे कंपन्या म्हणतात. मान्य. पण अनेक पानांची बारीक इंग्रजी छपाई चिपळूणच्या कापड दुकानदाराने वाचावी, ही अपेक्षा प्रामाणिक नाही. माझी मागणी साधी आहे. पहिल्या पानावर मराठीत एक उदाहरण छापा: माल इतका, विमा इतका, नुकसान इतके, मिळणार इतके. आणि बँकेने विमा कर्जाच्या आकड्यावर न उतरवता मालाच्या आकड्यावर उतरवावा. दावा नाकारला किंवा कापला तर मुंबईत आणि पुण्यात विमा लोकपालाचे कार्यालय आहे, हेही त्याच पानावर असावे.

पण सारा दोष दुसऱ्यावर टाकून आपली सुटका नाही. दादाने त्यानंतर एक रिवाज सुरू केला. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झाले, की तो मालाची मोजदाद काढतो आणि विम्याचा कागद शेजारी ठेवतो. गणपतीच्या आधी माल वाढला, की पत्र देऊन रक्कम वाढवून घेतो. गेल्या पाडव्याला मला म्हणाला, "लक्ष्मी मोजून घ्यायची असते, ते ठाऊक होतं. विमाही मोजून घ्यायचा असतो, ते ५ लाख घालवून शिकलो."

इतकी महाग फी दुसऱ्या कोणाला पडू नये.